मुळं वर, पानं खाली

काल रात्रीही मोनिकाचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला तिनं दार उघडलं तेव्हाच मी ओळखलं. गालावर उशीची वळी उमटलेली असली की समजायचं, झोप झाली. गाल सपाट असला की बाई रात्रभर छताकडे बघत पडली होती. आज गाल सपाट होता. काळजी नवी नाही, तीच जुनी: रूपा बोलणार कधी?

मी कोण, ते सांगायचं राहिलंच. मी कोरफड. बीड बायपासच्या एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर, मोनिकाच्या दाराच्या चौकटीला काळ्या दोऱ्यानं बांधलेली. कुंडी नाही, माती नाही. मुळं वर, पानं खाली. येणाऱ्या माणसाचं आधी डोकं दिसतं, मग चेहरा, आणि तोही उलटा. त्याची आता सवय झालीय. फक्त हसणारा माणूस मला रडका दिसतो आणि रडणारा हसरा, तेवढा घोळ अजून होतो. मग आवाजावरून ठरवायचं.

माझ्याबद्दल लोक फार चांगलं बोलतात. केसांना चांगली, पोटाला चांगली, भाजल्या-पोळल्याला चांगली. ऐकून संकोच वाटतो. मला स्वतःला इतकी खात्री नाही. पान कापून बघा, आत बुळबुळीत गर आणि सालीखाली पिवळा कडू चीक, एवढंच निघेल. बाकीचा तुमचा विश्वास. पण गुणी म्हणून एकदा नाव झालं की मागे घेता येत नाही. निभावत राहावं लागतं. थकवा येतो त्याचा.

माझा जन्म वैजापूरकडचा, एका शेताच्या बांधावर. आईच्या बुडाशी फुटलेल्या पिल्लांच्या गर्दीत मी एक. आमचं घराणं मूळचं अरबस्तानच्या वाळवंटातलं, असं म्हणतात. खडक, ऊन, आणि पाऊस आला तर आला. कुणाच्या तरी औषधाच्या गाठोड्यातून आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. ते वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या अंगातून ते गेलेलंही नाही. थेंब मिळाला की साठवायचा, आणि तो साठलेला असतानाच पुढचा कधी मिळेल याचा घोर लावून घ्यायचा, ही आमची खानदानी खोड आहे.

त्या शेताच्या मालकीणबाई आशाबाई, मोनिकाच्या सासूबाई. नातीला घेऊन सून शहरात परत निघाली तेव्हा आशाबाईंनी मला बांधावरून उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि गाडीत टाकलं. "लेकरू हाये घरात. कधी भाजलं, पोळलं, तर असू दे," म्हणाल्या. अशी मी बांधावरून गॅलरीत आले, रंगाच्या रिकाम्या डब्यात.

गॅलरीत माझ्याआधी तिघं जण होते. त्यांच्याही आधी मोनिकाच्या हातून तुळस गेली होती, मोगरा गेला होता, गुलाबानं तर पहिल्याच आठवड्यात मान टाकली होती. शेवटी ती नर्सरीत जाऊन म्हणाली होती, "मरणार नाही असं काहीतरी द्या." नर्सरीवाल्यानं वाळवंटातली मंडळी काढून दिली. मेक्सिकोचा एक गोल निवडुंग, अंगभर काटे आणि स्वभावानं अगदी मवाळ. आफ्रिकेकडचं एक अडेनियम, बुडाशी पोट सुटलेलं आणि डोक्यावर दोन गुलाबी फुलं. आणि दक्षिण आफ्रिकेचं एक जेड, नाण्यांसारख्या जाड पानांचं. कोण कुठलं, भाषा कुठली, पण एकमेकांना बघताक्षणी ओळख पटली. सगळे जाड कातडीचे, सगळे साठवून ठेवणारे. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरायचं तेव्हा आम्ही चौघं न बोलता खूश असायचो.

पण मोनिका आम्हाला खूश राहू देईना.

या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तरी लोक फोन करून एकमेकांना सांगतात. टँकर आला की खाली सोसायटीत भांडणं लागतात. आणि ही बाई तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, भाजीचं पाणी जपून ठेवायची, कशासाठी? तर आमच्यासाठी. ज्यांच्या आजे-पणजांनी पाणी न मिळण्यातच जन्म काढला, त्यांना पाजायला.

तिला माहीत नव्हतं असं नाही. मोबाईलवर वाचलं होतं तिनं, या झाडांना जास्त पाणी घालू नये. मोठ्यानं वाचलं होतं, मी ऐकलंय. पण हात राहायचा नाही. कुंडीत बोट खुपसून बघायची. माती ओली लागली तर म्हणायची, "वरून ओली आहे, खाली कोरडी असेल." आणि तांब्या ओतायची.

एके दिवशी तिनं निवडुंगाला सहज हात लावला, तर तो आत गेला. काटे जागच्या जागी, आतला माणूस केव्हाच कुजलेला. अडेनियमचं पोटही त्याच महिन्यात मऊ पडलं. मोनिका गॅलरीत फतकल मारून बसली. तिचा नवरा इंद्रजीत बिडकीनच्या बाजूला कंपनीत आहे. तो ड्यूटीवरून आला तेव्हा ती तशीच बसलेली.

"काय झालं?"

"निवडुंग मेला."

"मग? दुसरा आणू. झाडच आहे ना, मोना."

"अहो, निवडुंग आहे तो! जगात कुठेही जगतो. माझ्या हातून तोसुद्धा मरतो. मग मी लेकरू कसं वाढवणार?"

इंद्रजीत हसला. वाढवणारीला हसू आलं नाही.

लेकरू म्हणजे रूपा. आता अडीच पूर्ण. गोल चेहरा, कपाळावर काजळाची तीट, आणि तोंडातून दोनच शब्द: पाण्याला 'भू' आणि दुधाला 'मम'. बाकी सगळा कारभार बोटाचा. तेही पुरतं उचलावं लागायचं नाही. रूपानं फळीकडे मान वळवायचा अवकाश, बिस्किट हातात. दाराकडे बघितलं की चप्पल पायात. कपाळाला आठी पडायच्या आत मोनिका धावलेली असायची. मला कधीकधी वाटायचं, या पोरीनं बोलायचं तरी कशासाठी?

वरच्या मजल्यावरचा प्रणय हिच्याहून धाकटा, आणि जिन्यातून जाताना अख्खी बाराखडी सांडत जायचा. "मम्मी, लिफ्ट कोणी बंद केली? मम्मी, ही कोरफड उलटी का आहे? मम्मी, हिला चक्कर येत नाही का?" त्याची मम्मी त्याला ओढत न्यायची. मोनिका दाराआड उभी राहून ऐकायची. तेव्हा मात्र तिचा चेहरा उलटा असूनही मला बरोबर वाचता यायचा.

मी उलटी कशी झाले, तेही सांगते. अडेनियम गेल्यावर पुढचा नंबर माझा होता. मुळं बुळबुळीत झाली होती, पानं पिवळी पडली होती. त्याच सुमाराला आशाबाई वैजापूरहून आल्या, आल्या त्या औरंगपुऱ्याच्या बाजारात उतरून काळा दोरा आणि बिब्बे घेऊनच.

"लेकराला नजर लागलीय," त्यांनी चहा घेता घेता निकाल दिला.

"आत्याबाई, नजरेनं बोलणं थांबत नसतं."

"व्हय? मग कशानं थांबतं? सांग की. शिकलेली हायेस तू."

मोनिका एम.एस्सी. आहे. कॉलेजात शिकवायची, रूपासाठी सुट्टी घेऊन बसलीय. दोन डॉक्टर तिनं आधीच गाठले होते. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगले आहेत म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "मूल हुशार आहे. तुम्ही थोडं थांबायला शिका. तिला मागू द्या." मोनिकानं ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, आणि त्याच संध्याकाळी रूपाचा ओठ जरासा थरथरल्यावर बिस्किटाचा अख्खा पुडा फोडला होता.

तर अमावस्येला आशाबाईंनी मला डब्यातून उपटलं, मुळांची माती झटकली आणि चौकटीला बांधलं. पायांना दोरा, डोकं खाली. मोनिका म्हणाली, "मी हे असलं मानत नाही, आत्याबाई." पण स्टूल तिनंच धरलं होतं. आणि आशाबाई गावी गेल्यावरही तिनं मला काढलं नाही. मानत नाही, पण काढल्यावर काही झालं तर?

खरं सांगायचं तर त्या टांगण्यानंच मी वाचले. मुळं वाळली, कूज थांबली, तांब्या माझ्यापर्यंत पोचेना. मेलेले दोघं कुंडीत मेले, आणि जिला फासावर दिली ती जगली. जेडही जगलं, पण त्याला इंद्रजीत गुपचूप कंपनीत घेऊन गेला म्हणून.

जगले म्हणजे काय, तर साठवलेल्यावर जगतेय. बाहेरची पानं वाळत जातात आणि आतल्याला पुरवत राहतात. पानांची टोकं वळून पुन्हा वर निघाली आहेत, कारण उजेड कुठे आहे ते उलटं टांगल्यावरही विसरता येत नाही. रात्रंदिवस ते वळणं चालूच असतं. कुणाच्या लक्षात येत नाही. अगरबत्ती ओवाळतात, तिचा धूर नेमका पानांत जातो. लिंबू-मिरचीवाला शेजारी येऊन टांगून जातो. घरात काही चांगलं झालं तर देवाची कृपा, वाईट झालं तर म्हणतात, "कोरफड जुनी झाली वाटतं."

परवा आशाबाई परत आल्या. या वेळी त्यांनी कारण बदललं होतं.

"मोनिका, आता लई झालं. अडीच वर्षांची घोडी अंगावर पितीय. तोंड तिथं गुतलेलं, बोलंल कव्हा? तोडून टाक पिणं."

"डॉक्टरबाई म्हणाल्या, हळूहळू सुटेल."

"हळूहळू करता करता लगीन व्हईल तिचं."

त्या स्टुलावर चढल्या. सुरीनं माझं एक भरलेलं पान बुडातून कापलं. पिवळा चीक ओघळायला लागला. मला दुखलं का, विचारू नका. आमच्यात दुखणं हळू येतं, आणि आलं की लवकर जात नाही.

मोनिकानं पान बघितलं आणि ती मागे सरकली. "आत्याबाई, असं नको. तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल."

"काय उडत नाय. इंद्रजीतचं मी असंच तोडलं होतं. उडला का इश्वास त्याचा?"

"ते अजून तुम्हाला विचारल्याशिवाय शर्ट घेत नाहीत."

"मग? चांगलंच झालं की!" आशाबाई म्हणाल्या आणि हसल्या. मोनिकालाही हसू आलं. त्या हसण्यातच ती हरली. मला वाटतं तिनं मनात एवढाच विचार केला असेल: झाडांच्या बाबतीत माझं चुकलं, तसं हिच्याही बाबतीत चुकतच असेल. आपला हात वाईट आहे, तर दुसऱ्याच्या हातानं होऊ दे.

ती हॉलमध्ये दिवाणावर माझ्याकडे पाठ करून बसली. आशाबाईंनी पानाचा कडू चीक तिच्या छातीला लावला. रूपा पळत आली, नेहमीसारखी मांडीवर चढली, पदर ओढला. मग एकदम मागे झाली.

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं जीभ बाहेर काढली, फ्रॉकला पुसली, पुन्हा पुसली, आणि आईकडे बघितलं.  मग तिला ताटलीतलं कापलेलं पान दिसलं. त्या पानावरून तिची नजर हळूहळू वर आली, चौकटीपर्यंत, माझ्यापर्यंत. पोर बोलत नसेल, पण तिला सगळं समजलं होतं.

तो कडूपणा आम्हाला वाळवंटानं दिला, गुरांनी तोंड घालू नये म्हणून. एका लेकराला तिच्या आईपासून तोडायला तो कामी येईल, असं माझ्या कुठल्या पूर्वजाच्या डोक्यातही आलं नसेल.

तेव्हापासून रूपा मोनिकाजवळ गेली नाही. आजीच्या कुशीत झोपली, आजीच्या हातचा दूधभात खाल्ला. आणि 'मम' हा शब्दही तिनं टाकला. दोनातला एक गेला. मोनिका काल संध्याकाळी दारात उभी राहून इंद्रजीतला फोनवर सांगत होती, अगदी हळू आवाजात, "होतं तेही मी घालवलं हो. आता ती कधीच बोलायची नाही." रात्री गाल सपाट राहिला तो त्यामुळे.

आज दुपारी आशाबाई आत मेथी निवडत बसल्या होत्या. खाली टँकरची मोटर घरघरत होती. मोनिका दारातली रांगोळी पुसत होती. तेवढ्यात रूपा आली. दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून आईजवळ आली, माझ्या बरोबर खाली उभी राहिली आणि तिनं बोट वर केलं. माझ्याकडे.

मोनिका फडकं टाकून उठलीच. "काय गं बाळा? बिस्किट?"

बोट वरच.

ती धावत आत गेली. बिस्किट आणलं. नको. चेंडू आणला. नको. शेवटी मोबाईल आणला, जो द्यायचा नाही अशी डॉक्टरबाईंनी तिच्याकडून जवळजवळ शपथच घेतली होती. रूपानं मोबाईल दोन्ही हातांनी परत ढकलला. मोनिकानं तिला उचलून माझ्याजवळ धरलं, तर ती पाय झाडून खाली उतरली. पुन्हा तेच बोट.

मग मोनिकाच्या डोळ्यांत काहीतरी लखलखलं. "ही नको ना तुला? हिनं कडू केलं ना? टाकून देऊ हिला? थांब, आत्ता टाकते."

ती स्टूल घेऊन आली. कात्री घेऊन आली. स्टुलावर चढली आणि माझ्या पायाच्या दोऱ्यात कात्रीचं टोक घातलं.

आतून आशाबाई ओरडल्या, "दोरा कापू नको गं! अमावस्या व्हायचीय अजून!"

मी मात्र मनानं निघाले होते. लेकराचा राग खरा होता आणि मला तो मान्य होता. खाली कचऱ्याची गाडी येते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. माझ्यासारखीला कशात टाकतात कोण जाणे. वाचणाऱ्या बाबा-बायांनो, तुमच्या दारात कुणी असं टांगलेलं असेल तर माझं एवढंच मागणं आहे: घरातल्या प्रत्येक दुखण्याचं उत्तर त्याच्याकडे मागू नका. आमच्याकडे उत्तरं नसतात. आम्ही फक्त तग धरतो.

पण कात्री मिटली नाही, कारण रूपानं आईच्या गाऊनचा काठ घट्ट धरला होता आणि ती मान हलवत होती. नाही. नाही. नाही.

मोनिका खाली उतरली. त्याच स्टुलावर बसली. कात्री मांडीवर ठेवली. आता द्यायला घरात काहीच उरलं नव्हतं. इतके दिवस या पोरीला काय हवं ते तिच्या आधी हिला कळत होतं. आज पहिल्यांदा कळत नव्हतं.

"मला नाही कळत गं, रूपा," ती म्हणाली. "खरंच नाही कळत."

ती काही डॉक्टरबाईंचं ऐकून थांबली नव्हती. तिच्यात पुढचा अंदाज करण्याइतकं बळच राहिलं नव्हतं. आशाबाई मेथीची जुडी हातात घेऊन दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तिला म्हणायचंय की..."

"आत्याबाई," मोनिका म्हणाली, "तुम्हीपण नका सांगू."

आशाबाई मेथीच्या जुडीसकट तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. खाली टँकरची मोटर बंद पडली. रूपाचा ओठ थरथरला. मोनिकाचे हात उठले, आणि मग तिनं ते कात्रीसकट मांडीखाली दाबून धरले.

 बोट माझ्याकडे तसंच धरून रूपा आईच्या तोंडाजवळ गेली, मोठ्या माणसानं अडाण्याला समजावून सांगावं तशी, आणि म्हणाली,

"हिला खाली घे ना, आई. दमली ही."